कमिन्स, कोथरूड आणि कंबरभर चिखल

मला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत माझा सल्ला पूर्णपणे निःपक्षपाती असतो. ज्याला चालवता येते तो आपल्या सोयीचं बोलतो, मी तत्त्वाचं बोलतो. आयुष्यात एक बजाज चेतक बाळगली, तीही निम्मा वेळ आडवी. एका कुशीवर कलती केल्याशिवाय सुरू व्हायचं नाही असा तिचा नेम होता. एवढ्या अनुभवावर मी नात्यातल्या बऱ्याच जणांना गाड्या घ्यायला लावल्या. त्यांतल्या काहींशी आजही बोलणं आहे.

यंदा फ्लोरिडात भाच्याकडे गेलो होतो. तो ऑर्लँडोला असतो. पाहण्यासारखं होतं ते पाहिलं. डिस्ने वर्ल्ड : रांग. केनेडी स्पेस सेंटर : चंद्रावर जाणारं सॅटर्न-५ रॉकेट, आडवं ठेवलेलं. चेतकची फार आठवण झाली. आता मुद्द्याचं सांगतो.

भाच्याने एक पिकअप घेतली आहे. आपल्याकडे पिकअप म्हटलं की मागे कांद्याची पोती आणि त्यांवर झोपलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तिकडे हे राजघराण्यातलं वाहन आहे. डॉज रॅम २५००, तीन टनांच्या वर वजन, आत सोफे, आणि चढायला पायरी असूनही मला भाचेसुनेने मागून ढकलावं लागे. वापरलेली घेतली, तरी हप्ते बरेच बाकी आहेत. घेतली कशाला, तर बोट ओढायला. बोट अजून घ्यायची आहे.

एका शुक्रवारी रात्री जेवताना भाच्याने विषय काढला. ओकिचोबी तळ्याच्या बाजूला एका रँचवर शनिवार-रविवार ‘मड बॉगिंग’ असतं, म्हणजे मुद्दाम चिखल करायचा आणि त्यात मुद्दाम गाड्या घालायच्या. स्पर्धेत कोण किती लांब जातो किंवा किती लवकर पलीकडे निघतो ते मोजतात. बाकीच्या वेळी नुसताच धुडगूस. “आपली न्यायची का?” असं त्याने विचारलं. बायकोकडे न बघता विचारलं, यावरून उत्तर त्याला ठाऊक होतं.

भाचेसून विमा कंपनीत आहे, जोखीम मोजणं हा तिचा धंदा. तिने वरणाचा डाव खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की असल्या प्रकारात गाडीचं काही झालं तर वॉरंटी हात वर करते, आणि हप्ते मात्र हात वर करत नाहीत. माझी बायको म्हणाली, “चिखलच बघायचा होता तर इथवर तिकिटं कशाला काढली?” यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मग भाचा माझ्याकडे वळला. “मामा, इंजिन कमिन्सचं आहे बरं का.”

इथे वाचकांनी कोथरूडकराचं काळीज समजून घ्यावं. अमेरिकेत डिझेल पिकअपवाल्यांचे तीन पंथ आहेत. फोर्डवाले पॉवरस्ट्रोकची शपथ घेतात, शेव्हरोलेवाले ड्युरामॅक्सची, आणि डॉज रॅमवाले कमिन्सची. ही कंपनी इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची, १९१९ सालची. पण १९६२ साली किर्लोस्करांशी भागीदारी करून ती पुण्यात आली, आणि तेव्हापासून कोथरूडात कमिन्स ही कंपनी कमी आणि पत्ता सांगायची खूण जास्त आहे. कर्वे संस्थेने १९९१ साली मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, त्यालाही तेच नाव. माझ्या लेखी हे इंजिन आमच्या वाड्यातलं होतं. डॉजवाल्यांनी ते पिकअपमध्ये बसवायला घेतलं १९८९च्या मॉडेलपासून, म्हणजे आम्ही ओळखायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी.

मी म्हणालो, “न्यायची.”

भाचेसून काही बोलली नाही. विमा कंपनीतली माणसं अशा वेळी गप्प बसतात आणि तारीख टिपून ठेवतात.

दक्षिणेला दोन तासांचा रस्ता. वाटेत यीहॉ जंक्शन नावाचं ठिकाण लागतं. पाटी वाचेपर्यंत मला ती थट्टा वाटली होती. मग मैलोन्‌मैल कुरणं, गाई, आणि गाईंच्या पाठीवर आपल्यासारखेच बगळे. तळ्याच्या दक्षिणेला म्हणे नुसता ऊस आहे. उसाचं नाव ऐकताच मी टनाला भाव काय आणि कारखान्याचा चेअरमन कोण, हे विचारून घेतलं. भाच्याला दोन्ही माहीत नव्हतं. काय शिकली ही पिढी!

फाटकावर एका बाईने कागद पुढे केला. इथे हात मोडला, पाय मोडला, जीव गेला, तर आमची जबाबदारी नाही, सही करा. सगळे न वाचता सही करत होते. मी पुण्याचा. चष्मा काढून पहिल्या कलमापासून वाचायला बसलो. मागे पिकअपांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. ‘वन्य प्राण्यांपासून होणारी इजा’ या कलमाशी मी थांबलो आणि भाच्याला विचारलं, “म्हणजे मगर?” त्याने बाईला विचारलं. बाई गोड हसली. घरी आल्यावर मी शोधून काढलं, की फ्लोरिडात सुमारे १३ लाख अॅलिगेटर आहेत आणि राज्यातल्या ६७ काउंट्यांपैकी एकही त्यांनी सोडलेली नाही. ते हसू माहितीवर आधारलेलं होतं.

आत जत्रा होती. शेगड्यांवर मांस, कानठळ्या बसवणारं संगीत, आणि डोक्यापासून पायापर्यंत चिखल माखलेली पोरं, आज्या नि कुत्री. गोव्यात माशेलला आषाढात चिखलकालो होतो, त्याची आठवण आली, फक्त इथे देव नव्हता आणि बिअर होती. फ्लोरिडात हे वेड जुनं आहे. नेपल्स गावात १९४९ पासून ‘स्वॅम्प बग्गी’ नावाच्या दलदलीतल्या गाड्यांच्या शर्यती होतात, आणि तिथल्या सौंदर्यराणीला शेवटी मुकुटासकट चिखलात बुडवतात. आपल्याकडे एवढा मोकळेपणा यायला वेळ लागेल.

एका गोष्टीने मात्र डोकं फिरलं. काही टोळभैरव डिझेल पिकअपांच्या धुराची सगळी साधनं काढून टाकतात आणि मुद्दाम काळ्या धुराचे लोट सोडतात. त्यालाही तिथे नाव आहे, ‘रोलिंग कोल’. कायद्याने ही साधनं काढायला बंदी आहे, तरी काढतात, आणि वर लेकरांच्या तोंडावर धूर सोडून हसतात. मी चेतकच्या पीयूसीसाठी उन्हात उभा राहिलेला माणूस. मी त्यांच्यापैकी एकाला मराठीत जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्याने अंगठा वर करून दाखवला.

आता मुख्य प्रसंग.

भाच्याने फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा खालचा गिअर, टाकला, टायरांतली हवा कमी केली आणि एका खड्ड्याकडे निघाला. खड्डा शंभर-सव्वाशे पावलांचा असेल. मी शेजारी, पट्टा बांधून, रामरक्षा सुरू करून. पहिली काही पावलं गाडी अशी गेली, की मी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. “कोथरूड!” असं ओरडल्याचंही स्मरतं. आणि त्याच क्षणी गाडीने नाक खाली घातलं.

याची कारणमीमांसा मला नंतर समजली ती अशी. कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन पाचशे किलोंच्या आसपास भरतं. पेट्रोलचं साधं आठ सिलिंडरचं इंजिन त्याच्या जवळपास निम्मं. हे सगळं ओझं पुढच्या चाकांवर. जमीन पक्की असेल तर हे वरदान आहे, जड ट्रेलर मागे लावा, डिझेल खालच्या फेऱ्यांतच हत्तीचं बळ काढतं आणि तक्रार करत नाही. पण चिखलाला बळ नको असतं, वेग हवा असतो. टायरच्या खाचांत रेंदा भरला की चाक गरागरा फिरून तो भिरकावून द्यावा लागतो. डिझेल तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर हात जोडतं, पेट्रोलवाली पाच-सहा हजारांवर किंचाळत असतात. आमच्या खाचा भरल्या त्या भरल्याच. शिवाय टायर हमरस्त्याचे. चारही चाकं गुळगुळीत झाली आणि निष्ठेने जागच्या जागी फिरू लागली. भाच्याने आणखी दाबलं तशी गाडी आणखी खाली बसली, पंगतीत मांडी घालून बसलेल्या व्याह्यासारखी, आता मानपान झाल्याशिवाय उठायची नाही.

पुढच्या अंगाला पाणी होतं. ते बंपरच्या वर आलं, दिव्यांपर्यंत आलं, आणि मी ओरडलो, “बंद कर! बंद कर इंजिन!”

ही अक्कल मुंबईची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझ्या साडूची गाडी कलिन्यात पाण्यात बंद पडली. पाणी ओसरल्यावर त्याने उत्साहाने चावी फिरवली आणि इंजिन कायमचं निकालात काढलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. डिझेल तर हवेला सतरापट वगैरे दाबणारं, त्याच्या सिलिंडरमध्ये मोकळी जागाच फार थोडी. त्यात पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मालकही. डिझेलला स्पार्क प्लग नसतात म्हणून पाण्याची भीती नाही, असं सांगणारे शूर लोक तिथे पुष्कळ भेटले. त्यांना माझ्या साडूचा पत्ता द्यायला हवा होता.

भाच्याने इंजिन बंद केलं. शांतता झाली. मग काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दार उघडलं तर चिखल आत आला. आम्ही उतरलो. माझा डावा बूट तिथेच राहिला, फ्लोरिडाच्या मातीला माझी तेवढी देणगी. भाचा मांडीपर्यंत रुतून गाडीकडे बघत उभा होता, आणि मला वाटलं आता हा रडणार. तो हसायला लागला. पोट धरून, ओरडून. इतके दिवस त्याच्या घरी होतो, सकाळपासून रात्रीपर्यंत लॅपटॉपसमोर बसलेला माणूस पाहिला होता, हे हसणं पाहिलं नव्हतं. राजापूरकडे आमच्या गावी पावसाळ्यात शाळा बुडवून यायचा, चिखलणी चालू असताना बैलांच्या मागे मागे लोळायचा, आणि बांधावर ताई शिरपुटी घेऊन उभी असायची. तेव्हा असा हसायचा.

ताई गेली २०२० साली. विमानं बंद होती. आईला पोचवताना त्याने मोबाइलवर पाहिलं.

“मामा,” तो म्हणाला, “आई असती ना...”

“तर आधी तुला बदडलं असतं, मग गाडीला,” मी म्हणालो. आम्ही दोघंही मग बराच वेळ दुसरीकडे बघत राहिलो.

बाहेर काढलं ते एका म्हाताऱ्याने. पोट, मिशा, टोपी, बोलण्याआधी थुंकण्याची पद्धत, सगळ्यावरून मी त्याला मनोमन पाटील म्हणू लागलो. त्याची जुनी पेट्रोल शेव्हरोले त्याने स्वतः जोडलेली होती. लष्कराच्या अडीचटनी ट्रकचे टाकाऊ अॅक्सल, ट्रॅक्टरचे टायर, बॉनेट नाही, काच नाही, चढायला शिडी. भाचा घाईघाईने पट्टा मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला अडकवू लागला, तेव्हा पाटील पहिल्यांदा ओरडला. हा गोळा ओढण्यासाठी असतो, असा हिसका सोसायला नाही. तो तुटला तर ताणलेल्या पट्ट्याबरोबर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि माणसं अशी मेलेली आहेत. त्याने चिखलात हात घालून चासीचा हूक शोधला, पट्टा तिथे लावला, सगळ्यांना लांब पिटाळलं आणि मग तीन हिसक्यांत आमची गाडी काठावर आणली. पैसे घेतले नाहीत. आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, की इंजिन झकास आहे, याला नांगराला जुंपा.

हे मी घरी मुद्दाम सांगितलं. मी कौल इंजिनाबद्दल दिला होता, आणि तपासून, पुसून, हवेची नळी कोरडी आहे हे बघून चावी फिरवली तेव्हा इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. बाकी गाडीबद्दल मला कोणी विचारलंच नव्हतं.

बाकी गाडीचं असं झालं. गाडी धुण्याच्या केंद्राने दारातूनच हाकललं, चिखलाच्या गाड्या आत आणू नयेत अशी तिथे पाटीच आहे. घरी धुतली. रविवार गेला तरी आतून गाळ येतच होता. रेडिएटरच्या पापुद्र्यांत तो वाळून वीट झाला होता, आणि तसंच चालवलं असतं तर इंजिन तापून बसलं असतं. अल्टरनेटरने आठवड्यात मान टाकली. डिफरन्शियलचं तेल काढलं तर पांढुरकं, म्हणजे पाणी शिरलेलं. ब्रेक कुरकुरायला लागले. भाचेसुनेने प्रत्येक बिल फ्रिजवर चुंबकाने लावलं, तारखेच्या क्रमाने. ती अजून काही बोललेली नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. डिझेल पिकअप चिखलात नेऊ नका. ट्रेलर ओढा, घाट चढा, लाकडं वाहा, तिथे तिला तोड नाही. चिखलात जायचंच असेल तर हलकी, जुनी, पेट्रोलची, जिचे हप्ते फिटले आहेत आणि जी तिथेच सोडून येताना डोळ्यांत पाणी येणार नाही अशी गाडी न्या, खाचाळ टायर घाला, आणि पट्टा चासीलाच बांधा. भाच्याने तशी एक शोधायला सुरुवात केली आहे, आणि कोणती घ्यावी हे मला विचारलं आहे.