वस्तरेबहाद्दर

वस्तरेबहाद्दर चेहऱ्यावरून ओळखू येतो. गाल गुळगुळीत असतात म्हणून नव्हे. हनुवटीवर तुरटी फासलेली असते आणि तिच्या शेजारी वर्तमानपत्राचा चिमुकला कपटा चिकटलेला असतो म्हणून. “काय लागलं?” असं मात्र विचारू नये. “कोन चुकला” एवढं सांगून तो थांबत नाही.

हा गृहस्थ पंचेचाळिशीचा, बहुधा इंजिनिअर, घराचे हप्ते संपत आलेला. एके दिवशी जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा घरात येतो आणि न्हाणीघरातल्या खुंटीवर पंचाच्या जागी चामड्याचा पट्टा लटकू लागतो. तेव्हापासून मानवजातीचा ऱ्हास कधी सुरू झाला हे त्याला नेमकं ठाऊक असतं : १९०३ साली, जिलेटचा सेफ्टी रेझर विक्रीला आला तेव्हा. “कोन सांभाळायचं कामच काढून घेतलं हो माणसाकडून!” सलूनवाले हल्ली अर्धं ब्लेड खोचून वापरतात, त्याला तर तो वस्तरा म्हणतच नाही.

कोन साधारण ३० अंशांचा. त्याहून पसरट धरलं तर पातं केस कापायचं सोडून ओढतं. फार उभं धरलं तर कातडी खरवडतं. इथवर सगळ्या वस्तरेवाल्यांचं एकमत आहे. पण इंजिनिअर इथे थांबेल कसा? पात्याची रुंदी ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर. ३० अंशांचा साइन अर्धा. सबब वस्तऱ्याची पाठ गालापासून ८ मिलिमीटर वर. हे तो जेवताना ताटावर चमचा तिरका टेकवून दाखवतो. गणित बिनचूक आहे. फक्त ते सपाट माणसाचं आहे. कल्ल्याखाली सगळं सुरळीत चालतं. जबड्याशी गाल वळतो, हात वळत नाही आणि ३० चे बघता बघता ५० होतात. हनुवटीवर तर दर केसामागे नवा कोन. वरच्या ओठाशी नाक आडवं येतं. ते डाव्या हाताने उचललं की कातडी ताणायला हात उरत नाही. वहिनींना हाक मारली, तर त्या “आधी वस्तरा खाली ठेवा, मग येते” म्हणतात.

पट्ट्याचं शास्त्र निराळं. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. उलट झालं की धार नव्हे, पट्टाच कापला जातो. असा चिरलेला पहिला पट्टा त्याने ‘सरावाचा’ म्हणून जपून ठेवलेला असतो. एवढं होईस्तोवर बादलीतलं पाणी निवतं, कॉलेजला निघालेली मुलगी दार बडवते आणि आतून आवाज येतो, “बडवू नकोस गं, कोन हलतो!”

खरं तर त्याला दाढीपेक्षा श्रोता हवा असतो. तुळतुळीत गाल दिसले, की “कशाने केलीत? उलट हात मारलात का?” अशी चौकशी सुरू. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या पुरुषांनी दाढ्या राखल्या आहेत. बाहेरच्यांना ती फॅशन वाटते. मीही राखली. परवा लिफ्टमध्ये त्याने ती निरखली, जुन्या वाड्याकडे बिल्डर बघतो तशी, आणि हलकेच म्हणाला, “तुम्हाला २८ अंशांनी सुरुवात करू. रविवारी मोकळे आहात ना?”