सातबाऱ्यावर समुद्र

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांना समुद्र आठवतो. मित्रांना घ्या, पहाटेची गाडी पकडा, दुपारी सुरमई खा, सूर्यास्त बघा आणि रात्री आपल्या अंथरुणात झोपा. अशी एक पुरवणी भज्यांभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत मुर्रीच्या चहाटपरीवर पोचली. तेल लागलेला मजकूर सोडून मंडळींनी ती पूर्ण वाचली. धान केंद्रावर टाकून झाला होता, चुकारे यायचे होते. म्हणजे वेळ भरपूर आणि खिसा रिकामा. सहलीचा बेत आखायला याहून चांगला हंगाम नाही.

"समुद्र पाहून येऊ का गा? एका दिवसाचं काम आहे म्हणते पेपरवाला."

गाडीची अडचण नव्हतीच. मुर्री गोंदियाला लागून, गोंदिया हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन आणि विदर्भ एक्सप्रेस तर इथूनच सुटते. हिशेब मांडला. दुपारी बसायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. दिवसभर चौपाटी, संध्याकाळी सातच्या सुमारास परतीची गाडी, तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत घर. समुद्राला एक दिवस, रेल्वेला दोन रात्री. शिवाय आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे डिसेंबरातली चौपाटी ऑक्टोबरात, धान शेतात उभा असताना ठरवायची.

टपरीवरच्या गुरुजींनी नकाशा काढला. रेल्वेने पाहिले तर आपल्याला मुंबईपेक्षा विशाखापट्टणम जवळ पडते, रायपूरवरून. पण तो समुद्र आंध्राचा, आणि तिथे सूर्य पाण्यातून वर येतो. आमच्या पोरांनी निबंध पाठ केलाय 'समुद्रकिनाऱ्यावरील सूर्यास्त' हा. समुद्र न पाहता त्यांनी त्यात सोनेरी लाटा, शिंपले आणि परतणाऱ्या होड्या इतक्या वेळा लिहिल्या आहेत की प्रत्यक्ष किनाऱ्यावर नेले तर अपेक्षाभंग व्हायचा.

१९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो. त्या राज्याला समुद्रच नव्हता, त्यामुळे तक्रारही नव्हती. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि ७२० किलोमीटरचा किनारा आमच्याही नावावर चढला. तेव्हापासून सातबाऱ्यावर नाव आमचे, ताबा कोकणचा.

बदल्यात आमच्याकडे काय? मामा तलाव! बाहेरच्यांना वाटते कुणाच्या तरी मामाचा असेल. तर हे 'माजी मालगुजारी' तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावापुढे 'माजी' लागले. माजी आमदाराला निदान पेन्शन असते, माजी तलावाच्या वाट्याला गाळ आला. आता तो उपसायच्या योजना निघतात, फलक लागतात. फलकाचा रंग मात्र दरवर्षी नवा असतो.

अखेर मंडळी बल्लारशाच्या गाडीत बसली आणि देवलगावला उतरली. तिथून नवेगावबांध हाकेच्या अंतरावर. अकरा चौरस किलोमीटर पाणी, चहूकडे डोंगर. हा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे सांगतात. निविदा, सल्लागार, भूमिपूजन यांपैकी काहीही नसताना तो अजून टिकून आहे, ही गोष्ट पाटबंधारे खात्याने मनावर घेऊ नये. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. त्यांनी या पाण्यावर, पाखरांवर पुस्तक लिहिले आणि मराठी वाचकाला घरबसल्या नवेगाव दाखवले. बरेचसे वाचक घरीच बसून राहिले. हिमालय ओलांडून पट्टकदंब मात्र इथवर येतात. आरक्षण नाही, पुरवणी वाचलेली नाही.

काठावर बसून एकाने विचारले, "याले भरती कवा येते गा?"

"पावसाळ्यात. अन् उन्हाळी धानाला पाणी सोडलं का ओहोटी."

निबंधाचे विषय काढणाऱ्यांना एवढीच विनंती, की यंदा 'मामा तलावाकाठी एक सकाळ' हा विषय द्यावा आणि तो दादर, पार्ल्याच्या शाळांना सक्तीचा करावा. न पाहता लिहिण्याचा सराव त्यांनाही होऊ द्या. आणि मुंबईच्या वाचकांनो, विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून गोंदियालाही येते. जानेवारीत निघालात तर स्वेटर आणा. आमची थंडी पुरवणीत छापून येत नाही.