आठ नंबरचा डावा

वारीला जायचं ठरलं तसे मी पुण्याहून बूट आणले. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे घालून हिमालय चढता येतो." मी म्हणालो, मला पैठणहून पंढरपूरला जायचंय. तो क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "त्यालाही चालतील."

बीडला मामांनी एक बूट हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. "ह्यात पाय बी ठिवायचाय का?" एवढंच विचारलं. मामांची ही सव्विसावी वारी. सामान म्हणजे एक पिशवी: धोतरजोडी, पंचा, ताट-तांब्या, चादर आणि एक छोटी चंची, जिच्यात काय असतं हे गळ्यात माळ घातलेल्या माणसाला विचारायचं नसतं.

एकनाथ महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्यात गोदाकाठच्या पैठणहून निघते आणि आषाढी दशमीला पंढरपुरात पोचते. म्हणजे 18 दिवसांची चाल. मधे बालाघाटाचा डोंगर लागतो, रायमोहा, पारगाव घुमरे, पाटोदा ही बीड जिल्ह्यातली गावं लागतात. आळंदी-देहूच्या पालख्यांच्या वाट्याला टीव्हीचे कॅमेरे येतात, आमच्या वाट्याला चढ येतात.

दिवसा चालणं सोपं असतं. पुढे टाळ वाजतात, मागून रेटा असतो, मधल्याला पर्याय नसतो. खरी परीक्षा रात्री. एरवी आम्ही राहुटीत झोपायचो, पण पाऊस आला की दिंडी शाळेच्या वर्गात नाहीतर देवळाच्या सभामंडपात शिरे. एका रात्री एका वर्गात आम्ही चौतीस जण होतो. मी बाराच्या पाढ्याखाली अंथरूण टाकलं. समोर ठळक अक्षरांत 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं. मामांनी खर्ज लावला. कोपऱ्यातल्या वीणेकरी बुवांनी वरचा सूर धरला. मधे एकजण काही वेळ एकदम गप्प होई. मी उठून त्याच्या नाकापाशी हात नेला की तो अशी तान घेई की खिडकीची तावदानं थरथरत. बारा एके बारापासून बारा दाहे वीसाशेपर्यंत मी तो पाढा किती वेळा म्हटला, याला हिशेब नाही. जरा डोळा लागला तोच चोपदाराची हाक आली. पहाटेचे तीन. टँकरखाली अंघोळीला रांग लागली होती आणि मामा केव्हाच न्हाऊन गंध लावून ताजेतवाने उभे होते. मला म्हणाले, "चांगली झोप लागली का? रातभर घोरत होतास."

रायमोह्याच्या पुढे डाव्या बुटाने जबडा उघडला. आधी नुसती जीभ दाखवली, मग दोन-अडीच किलोमीटरवर तळ सुटून मागेच राहिला. मी रस्त्याच्या कडेला बसलो. दिंडीतल्या एका आजींनी न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि वर हळद दाबली. मी केलेला आवाज पखवाजात बुडाला म्हणून बरं. मग त्यांनी गाठोड्यातून प्लॅस्टिकच्या दोन जुन्या चपला काढून दिल्या. दोन्ही उजव्या पायाच्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी तांब्याभर पाणी पुढे केलं. नाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं होतं. ती परंपरा या वाटेवर अजून चालू आहे, हे मी स्वतः पिऊन सांगतो.

याच पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहत जाऊन गोदावरीलाच मिळते. आम्ही जिच्या काठावरून निघालो तीच गोदावरी. मांजरेच्या पायात बूट नाहीत.

पाटोद्याच्या बाजूला एका वाडीवर पंगत बसली. पिठलं, भाकरी, ठेचा. वाढणाऱ्या ताईंना मी उगाच सांगितलं, की रात्री चौतीस माणसांत झोपच नाही. त्या हसल्या. "दादा, तुमचं दोन-चार रातीचं हाय. आमी सहा महिने कोपीत ऱ्हातो." शिरूर, पाटोदा भागातली ही माणसं. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घ्यायची आणि सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जायचं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. कोपी म्हणजे फडाजवळचं खोपटं, आत शिरायचं तर वाकून. उन्हाळ्यात घरी परतायचं आणि आषाढाच्या तोंडावर दिंडीला जेवू घालायचं. माझ्या पाठीवरच्या पिशवीत हवा भरायची एक उशी होती. ती मी जेवताना हळूच मागे सरकवली. आणखी एक भाकरी मागून घेतली.

पंढरपूर आलं ते असं की लांबून कळस दिसला आणि दिंडी जागच्या जागी नाचू लागली. मीही नाचलो, दोन उजव्या चपलांवर जेवढं जमतं तेवढं. माझ्या डोक्यात 'मोहीम फत्ते' वगैरे काहीतरी होतं. आजींनी चंद्रभागेत बुडी मारली, नामदेव पायरीवर डोकं ठेवलं आणि दर्शनाच्या रांगेकडे एकदा बघून म्हणाल्या, "कळस दिसला, झालं. चला, पोहे खाऊ."

चपला मी परत देऊ केल्या. त्यांनी घेतल्या, उलटून पाहिल्या आणि गाठोड्यात बांधल्या. पुढच्या वर्षी लागतील म्हणाल्या, कुणीतरी येतंच बूट घालून.

रायमोह्याकडून पाटोद्याला जाताना रस्त्याच्या डाव्या कडेला आठ नंबरचा तळ पडलेला दिसला तर तो माझा आहे. परत करायची तसदी घेऊ नका.