अण्णांचा सूर्यास्त नापास

“काकू, अण्णांचं काही बिनसलंय का? सकाळपासून गच्चीत येरझाऱ्या चालल्यात.”

“बिनसणार नाही तर काय! पुन्हा नापास झाले.”

“या वयात? कसली परीक्षा?”

“अगं, फोटोंची. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक असली दुकानं असतात ना इंटरनेटवर, तिथे फोटो पाठवायचे. त्यांनी पास केले की विक्रीला लागतात. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून भलामोठा कॅमेरा घेतला आणि काढतात काय, तर कृष्णेच्या घाटावरचा सूर्यास्त!”

“छान असतात की. ग्रुपवर टाकतात रोज.”

“टाकू देत. पण सूर्यास्त तिथे पोत्यांनी पडलेत गं. त्यात तिन्हीसांजेचा उजेड, म्हणजे फोटोत दाणे. मोबाइलवर कळत नाहीत. पण तपासणारा पूर्ण मोठा करून बघतो. त्यांच्या सूनबाईने मला दाखवलं, घाटाच्या सावलीत नुसती लाल-हिरवी रवाळ खिचडी! ती म्हणाली, ‘बाबा, फोटो जरा लहान करून पाठवा, दाणे दबतात. फक्त 4 मेगापिक्सेलच्या खाली नको.’ तर हे म्हणे, एवढ्या किमतीचा कॅमेरा फोटो लहान करायला घेतला का! आणि मग रागारागात ग्रुपवरचाच उतरवून पाठवला.”

“मग?”

“मग काय! व्हॉट्सॲप साधा पाठवलेला फोटो असा दाबतं की चार मेगापिक्सेलसुद्धा उरत नाहीत. दारातूनच परत. तरी आता बरं म्हणायचं. पूर्वी शटरस्टॉकवर पहिल्यांदा 10 पाठवायचे आणि त्यातले 7 पास झाले तरच प्रवेश.”

“अहो, पण युरोपच्या सहलीतला तो आयफेल टॉवर? दिव्यांचा? तो तरी घ्यायचा.”

“तो तर जाहिरातीला मुळीच नाही. दिवसाचा टॉवर चालतो, तो 1889 चा. रात्रीची रोषणाई 1985 ची, तिचे हक्क वेगळे. अण्णा म्हणतात, उद्या चंद्राचीही परवानगी मागतील.”

“आणि सुनेचे होतात म्हणे पास.”

“होतात ना. साध्या मोबाइलवर काढते. पोळी लाटणारे हात, चष्मा कपाळावर सरकवून विजेचं बिल बघणारे आजोबा. विम्याची जाहिरात करणाऱ्याला, बँकेचं पत्रक काढणाऱ्याला हेच लागतं. सूर्यास्त घेऊन तो काय करणार? पण तिचाही एक आला हो परत. मागे भिंतीवर कालनिर्णय आणि कुकरवर ठसठशीत कंपनीचं नाव. आता फोटोच्या आधी कॅलेंडर उतरवते. सासूबाईंची दुधाची टिपणं त्याच्यावरच, त्यामुळे घरात रोज भांडण.”

“आजोबा कोण, अण्णाच ना?”

“तेच! चेहरा ओळखू येतो ना, मग त्यांची लेखी संमती लागते. अण्णांनी दोनदा वाचून सही केली, सरकारी नोकरीतला माणूस. पंचाईत झाली ती भाजीवालीपाशी. फोटो काढून घेतला हौसेने, पदर सारखा करून. कागद पुढे केल्यावर म्हणाली, ‘आधी पोराला दाखवते, असल्याच सहीवर आमच्या दिराचा सातबारा गेला.’ मला तर तिचंच बरोबर वाटलं.”

“मग तो फोटो वाया?”

“बातमीच्या खात्यात टाकता येतो म्हणे, तिथे संमती नसली तरी चालतं. पण मग जाहिरातीला वापरायचा नाही, आणि खाली गाव, देश, तारीख इंग्रजीत लिहायचं. वारीचे, मिरवणुकीचे फोटो त्याच खात्यात जातात. नाहीतर एवढ्या वारकऱ्यांच्या सह्या आणायच्या कुठून?”

“आणि शोधणाऱ्याला तो सापडायचा कसा?”

“शब्द द्यावे लागतात, शटरस्टॉकवर 50 पर्यंत. अण्णांनी घाटाच्या फोटोला ताजमहाल आणि हनिमून असे दोन्ही शब्द लावले होते. का, तर लोक तेच शोधतात म्हणून!”

“अगं बाई! अण्णांच्या पत्नीला कळलं का?”

“त्यांनीच तर मला सांगितलं. बरं, ऐक. काल सून माझ्याकडे कागद घेऊन आली. दिवाळीतल्या माझ्या रांगोळीचा फोटो तिला पाठवायचाय.”

“रांगोळीला कसली सही?”

“म्हणजे काय! रांगोळी माझी, नक्षी माझी. मी काढलेल्या चित्राचा फोटो ती विकणार, मग माझी परवानगी नको? मी म्हटलं, देते, पण निम्मे पैसे माझे.”

“तयार झाली?”

“लगेच! तेव्हाच मला शंका आली. विचारलं, एका फोटोला मिळतात किती? तर म्हणे, कधीकधी 10 सेंट.”

“म्हणजे किती हो?”

“दहा रुपयेसुद्धा नाहीत. त्यातले निम्मे ती मला देणार.”

“आणि सही?”

“केली की. म्हटलं, पण खाली नाव माझं घाल, आणि ते माहेरचं.”