दर्याभाऊ, मुक्काम यवतमाळ

समुद्र जितका लांब, तितके त्याचे जाणकार जास्त. आमचं यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचावर. इथल्या माणसाची पाण्याशी ओळख शेतातली विहीर नाही तर सहस्रकुंडाचा धबधबा, एवढीच. पण नागपूर–रत्नागिरी महामार्ग गावावरून जातो, आणि तेवढ्या पुराव्यावर दर्याभाऊ स्वतःला किनारपट्टीचे रहिवासी समजतात.

दर्याभाऊ हे एका माणसाचं नाव नव्हे. असा एक वणीत आहे, एक पुसदला, दिग्रसला तर दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. ओळख सोपी. जिल्हा परिषदेतून किंवा शाळेतून निवृत्त, ‘महाराष्ट्र दर्शन’च्या प्रवास सवलतीत एकदा मालवण करून आलेला, आणि तेव्हापासून समुद्राच्या कामी सल्लागार म्हणून विनामानधन रुजू.

आमच्या दर्याभाऊंची बैठक दत्त चौकातल्या चहाच्या टपरीवर. दिवाळीच्या सुट्या लागायच्या आधी तिथं गिऱ्हाईक वाढतं. परवा एक तरुण शिक्षक आले.

“भाऊ, सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला की पोट्ट्यांना तिथंच पोहू देऊ म्हणतो.”

“तिथंच म्हंजे कुठी?” भाऊंनी कप खाली ठेवला.

“धक्क्याच्या बाजूला. पाणी दिसते की समोर.”

“पानी तं नालीतही दिसते मास्तर! तिथं होड्या लागते, जाळे वाळते, मासोळी उतरते. थे गाबित मच्छीमारायचं आंगन हाये. आपल्या आंगनात कोनी टॉवेल गुंडाळून आलं तं चालंन काय तुमाले?”

मग पहिला अर्धा तास किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं, १६६७ ला पूर्ण केलं, हे सगळं सांगून भाऊ दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींवर आले की त्यांचा आवाज बदलतो. “चहूकडं खारं पानी अन् मधात गोड्या पान्याच्या तीन बावी! अन् आपल्याकडं २०१८ मंदी निळोणा धरण आटलं तं टँकरमागं पयत होतो आपन.” इथं टपरीवाल्यासकट सगळे हळहळतात.

मग मूळ मुद्दा. पोहायला मालवण गावालगतचा चिवला किनारा बरा. डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा तिथंच होतात. तारकर्लीचं पाणी नितळ, पण देवबागकडं सरकत कर्ली नदीच्या मुखाशी जायचं नाही. नदी आणि समुद्र भेटतात तिथं प्रवाह कोणाचंच ऐकत नाही. नाला उतरतो तिथंही नाही. वरच्या गावाची घाण खाली येते. वाळूला एकदम उतार असेल तर नाही. लाटा दोन्ही बाजूंना फुटतात आणि मधला पट्टा शांत दिसतो, तिथं तर मुळीच नाही.

“काहून जी? शांत तं बरं ना?”

“वावरात बांध फुटला का सारं पानी त्या खांडीतून पयते का नाही? तसंच थे. लाटायनं आनलेलं पानी त्या पट्ट्यातून माघारी जाते. सापडलं कोनी, तं काठाकडं झटायचं नाही. दम जाते. काठाच्या बराबरीनं आडवं जायचं अन् मंग बाहेर.”

भाऊंचं मुख्य हत्यार मात्र पंचांग. मोबाईलवरच्या भरतीच्या वेळा त्यांना पटत नाहीत. त्यांना पाऊणकीचा पाढा पाठ आहे आणि तो कुठंतरी खर्च व्हायला हवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे कोकणातलं जुनं गणित त्यांनी मालवणच्या होडीवाल्याकडून उचललं. चतुर्थी? चार पाऊण तीन. तीनला भरती पूर्ण. अष्टमी? आठ पाऊण सहा. भरती चढत असताना उतरायचं, ओहोटी लागायच्या आत बाहेर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा काठावर बसून भजी खायची. त्यामुळं यवतमाळातली काही कुटुंबं लग्नाचा मुहूर्त काढावा तसा आंघोळीचा मुहूर्त काढून कोकणात जातात.

खरी पंचाईत जूनची. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. बाकी महाराष्ट्राची पोरं पाटी-दप्तर घेऊन निघालेली असतात, तेव्हा आमच्याकडं समुद्राची हुक्की येते. तोवर किल्ल्याची होडी बंद, १ जूनपासून मासेमारीला बंदी, आणि समुद्र पिसाळलेला. “ज्या पान्यात मच्छीमार होडी घालत नाही, त्यात तुमी लेकरू घालता?” एवढं एकच वाक्य बोलून भाऊ त्या गिऱ्हाइकाला चहाही न पाजता परत पाठवतात.

आता भाऊ स्वतः. मालवणला त्यांच्याबरोबर गेलेले सांगतात, ते असं. भाऊंनी चपला हातात घेतल्या, पँटच्या तीन घड्या घातल्या, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. घोट्यापर्यंत आत गेले. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली, तसे भाऊही सरकले, पण मागं. नंतर तासभर एका जाळं शिवणाऱ्या म्हाताऱ्यापाशी उकिडवे बसून राहिले. त्यांची सगळी विद्या त्या तासातली. भाऊंना पोहता येत नाही, हे उघड गुपित आहे.

लोक यावरून हसतात. पण १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. जंजिरा पाहायला जाणारे हजारो लोक त्याच वाळूवर उतरतात. ती बातमी निघाली की दर्याभाऊ गप्प होतात, आणि हसणारेही.

अलीकडं लोक स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’चं विचारतात. २०२० साली देशातल्या पहिल्या ८ किनाऱ्यांना ते मानांकन मिळालं, त्यात अंदमानचा राधानगर होता, महाराष्ट्रातला एकही नव्हता. भाऊंना त्याचं वावडं नाही. फक्त त्यांचं म्हणणं, झेंडा लावला म्हणून समुद्र वाचायला शिकत नाही. वाचायचं आपल्याला असतं.

भाऊंच्या सल्ल्यानं गेलेल्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. गुडघ्यापुढं जाऊ दिलं नाही, तिथी चुकली म्हणून दिवस वाया गेला, पोरं रडली. पण तक्रार करायला झाडून सगळे परत आलेले असतात. तेव्हा कोकणात निघाल असाल तर पंचांग बघा, आधी काठावरच्या मच्छीमाराला विचारा, तो नको म्हणाला तर वाद घालू नका. भाऊंना शिव्या घरी येऊन द्या.