जोडताय खरं, पण कशानं?

उंडवडी सुपे हे बारामती तालुक्यातलं एक गाव. उंडवडी कडेपठार हे दुसरं. आणि नुसतं सुपे हे तिसरं. बारामतीत हे शेंबड्या पोरालाही कळतं.

संगणकाला कळत नाही. कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रोग्रामरच्या हाती पत्ता सुट्या तुकड्यांत येतो: गाव, तालुका, जिल्हा. ही रांग म्हणजे ॲरे. कागदावर छापायला सलग ओळ लागते, ती स्ट्रिंग. त्यासाठी तयार फंक्शन असतं. पायथन, जावा, जावास्क्रिप्टमध्ये त्याला जॉइन म्हणतात, पीएचपीत इम्प्लोड, एक्सेलमध्ये टेक्स्टजॉइन. पाच मिनिटांत शिकून होतं.

आणि पाच मिनिटांत शिकलेल्या गोष्टीकडे पुन्हा बघतो कोण?

समजा, तुकडे मोकळ्या जागेनं जोडले. 'उंडवडी सुपे बारामती पुणे'. दिसायला झकास. मग ही ओळ दुसऱ्या खात्याकडे जाते आणि तिथलं सॉफ्टवेअर मोकळी जागा बघून ती पुन्हा तोडतं. पहिला शब्द गाव, दुसरा तालुका, तिसरा जिल्हा. झालं! गाव उंडवडी, तालुका सुपे, जिल्हा बारामती.

बारामती जिल्हा इतक्या सहज होईल असं कुणाला वाटलं होतं?

यात गंमत नाही, कारण चाचणीत हे सापडत नाही. चाचणीला 'शिरसुफळ बारामती पुणे' घेतलं, पास. 'भिगवण इंदापूर पुणे' घेतलं, पास. निमगाव केतकी, वडगाव निंबाळकर, गलांडवाडी नं. २ यांची पाळी येते ती थेट लाभार्थी यादीत. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं.

बरं, स्वल्पविरामानं जोडलं तर? बरं होईल. पण पत्त्याच्या रकान्यात माणसानं स्वतःच 'शाळेजवळ, गावठाण' असं लिहिलं असेल तर? एकाचे दोन तुकडे, आणि पुढचे सगळे एक घर पुढे. जोडायला असं चिन्ह हवं जे मजकुरात येणारच नाही. एवढा साधा विचार करायला पदवी लागते?

आता रिकाम्या रकान्याचं बघा. वडिलांचं नाव भरलेलंच नाही. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली आलेलं जॉइन त्या जागी 'नल' हा शब्द छापून मोकळं होतं. जावास्क्रिप्ट काहीच लिहीत नाही, दोन स्वल्पविराम एकमेकांना चिकटवून पुढे जातं. एक्सेल निदान विचारतं, रिकामं गाळू की ठेवू? पायथन मात्र काम थांबवतं आणि चूक दाखवतं.

माझं मत पायथनला. चुकीचा कागद छापण्यापेक्षा अडून बसलेलं बरं.

आणि गाळणं म्हणजे उपाय, असं समजू नका. रिकामी जागा गाळली की मागचा पुढे सरकतो. तुकडा वाढला तरी जागा हलतातच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात नावाचा क्रम ठरला आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निर्णय उत्तम, उशिरा झाला एवढंच. पण त्याच घरातला थोरला तीन तुकड्यांचा आणि धाकटी चार तुकड्यांची. 'दुसरा शब्द म्हणजे वडील' असं धरून चाललेल्या जुन्या सॉफ्टवेअरला ही धाकटी कोणाची लेक वाटेल?

आईला कागदावर आणलं आणि संगणकानं तिला बाप केलं.

जमिनीचं तर बोलूच नका. सातबाऱ्यावर रकाना आहे 'भूमापन क्रमांक व उपविभाग'. गट १२, उपविभाग ३, मध्ये तिरकी रेघ: १२/३. ही यादी सीएसव्ही फाइलमधून एक्सेलमध्ये उघडा. आपल्याकडच्या तारखेच्या मांडणीत १२ मार्च. अमेरिकी मांडणीत ३ डिसेंबर. खुद्द ७/१२ लिहिलंत तर ७ डिसेंबर! जमीन गेली, तारीख उरली.

हे फक्त तलाठ्याच्या टेबलावर होतं असं नाही. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये 'मार्च १', 'सेप्ट १' असली नावंच बदलून टाकली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हे बंद करायची सोय दिली. शास्त्रज्ञांनी जनुकांची नावं बदलली. इंदापूरच्या शेतकऱ्यानं गट नंबर बदलावा?

त्याला बदलता येत नाही. तो काय करतो? दिवसाची मजुरी बुडवतो, तालुक्याला येतो, नाव बिघडलं असेल तर 'सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र करतो आणि झेरॉक्सच्या रांगेत उभा राहतो. ज्यानं जोडाजोडीची ती ओळ लिहिली त्याला हे कधी कळतही नाही.

याची मला खरी चीड येते, कारण इलाज फुकट आहे. तुकडे सुटेच साठवा. दुसऱ्या खात्याला द्यायचे तर सुटेच द्या, आणि सोबत गावाचा कोड द्या. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला तो दिलेलाच आहे. जोडाजोड करायची ती छपाईच्या क्षणी, माणसाच्या डोळ्यांसाठी. तोडण्यासाठी जोडायचंच कशाला?

आणि पुढच्या निविदेत एक अट घाला. बिल काढण्याआधी ठेकेदारानं चार नोंदी चालवून दाखवाव्यात: दोन शब्दांचं गाव, आकड्याचं गाव, वडिलांचा रकाना रिकामा असलेलं मूल, आणि उपविभागाचा गट. तालुक्यातला कुठलाही कोतवाल या नोंदी पाच मिनिटांत काढून देईल.