डावा पाय बेकार, उजवा बेफाम

मारुतीने 2014 मध्ये सेलेरिओ एएमटी आणली आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या खिशात बसली. क्लचचं पेडल गेलं, क्लच गेला नाही. तो दाबायचं काम फक्त यंत्राकडे गेलं. हे सोलापूरच्या मालकांना कोण सांगणार? उड्डाणपुलाच्या चढावर वाहतूक तुंबली की ते ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. जळका वास आला की काच वर करतात.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला ड्युअल क्लच ऑटोमॅटिकवाले निघतात. कोरड्या क्लचची गाडी इंच-इंच सरकवली की तापते. पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मग हलावं, हे शास्त्र. पण जागा झाली की तिथे रिक्षा शिरते.

सीव्हीटी ऑटोमॅटिकवाला विजापूर रोडवर पेडल तळाला नेतो. इंजिन किंचाळतं, वेग मागाहून येतो.

टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक बरंच सोसते. मात्र चालत्या गाडीत ‘पी’ टाकला की आतली खुंटी कडकडते. आधी ब्रेक, मग हँडब्रेक, मग ‘पी’. मॅन्युअलमध्ये हे छापलेलं असतं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकसकट, शेंगाचटणीच्या पाकिटाखाली.